वेगळं ताट नको, ताजं ताट हवं
तोंडाचा कॅन्सर आणि अंगातली राखण



भोसरी, मोशीपासून चाकण, राजगुरुनगरपर्यंतच्या गटांमध्ये फिरताना एक गोष्ट लक्षात येते. तोंडाचा किंवा गळ्याचा कॅन्सर झालेलं कुणी ओळखीत नाही, असा गट क्वचितच भेटतो. कुणाचा दीर, कुणाची सासू, कुणाचा कंपनीत जाणारा नवरा. आणि बैठकीत प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, पेशंटची प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ?"

या प्रश्नाच्या मागोमाग तीन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, पेशंटचं ताट-तांब्या वेगळा केला आहे. दोन, गटातून कर्ज उचलून प्रतिकारशक्तीच्या पावडरीचा डबा आणला आहे. तीन, केमोनंतर ताप आला तर घरातलीच गोळी दिली आणि दोन दिवस वाट पाहिली. पहिल्या गोष्टीने माणूस मनातून खचतो, दुसरीने घर कर्जात जातं आणि तिसरीने जीव जाऊ शकतो. म्हणून या अंकात प्रतिकारशक्ती म्हणजे नेमकं काय आणि या आजारात तिचं काय होतं, ते नीट समजून घेऊ.

अंगातली राखण

चाकणच्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी असते. आत येणाऱ्याचं कार्ड बघायचं, ओळखीचा असेल तर सोडायचं, परका असेल तर अडवायचं. आपल्या अंगातही अशी राखण आहे. तोंडाच्या आतली ओली कातडी आणि लाळ ही पहिली भिंत. भिंतीच्या आत रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहारा देतात. त्यांच्यात कामं वाटलेली असतात. काही पेशी जंतू दिसला की त्याला गिळून टाकतात. 'टी पेशी' नावाच्या पेशी आपल्याच अंगातल्या बिघडलेल्या पेशी ओळखून मारतात. या पांढऱ्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात.

मान, काख आणि जांघेत छोट्या छोट्या गाठी असतात, त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. त्या या राखणीच्या चौक्या आहेत. घसा दुखला की मानेत गाठ येते ना, ती हीच. चौकीत काम वाढलं की ती फुगते.

मग कॅन्सर सुटतो कसा?

कॅन्सर हा बाहेरून आलेला जंतू नाही. आपलीच पेशी बिघडते आणि वाढत सुटते. म्हणजे गेटमधून परका माणूस शिरलेला नाही, आतलाच कामगार फिरला आहे. त्याच्याकडे कार्ड आहे, अंगावर युनिफॉर्म आहे, म्हणून तो लवकर ओळखू येत नाही.

शरीर अशा पुष्कळ बिघडलेल्या पेशी मारून टाकतं. पण एखादी पेशी निसटते आणि मग लबाडी शिकते. टी पेशीच्या अंगावर 'पीडी-वन' नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की टी पेशी थांबते. हा ब्रेक चांगल्यासाठीच आहे, नाहीतर राखण आपल्याच अंगावर उठेल. कॅन्सरची पेशी नेमकं हेच बटण दाबून धरते. राखणदार समोर उभा असतो, पण हात उचलत नाही. शिवाय कॅन्सरची गाठ आजूबाजूच्या काही पांढऱ्या पेशींना फितवते आणि त्यांनाच आपल्या कामाला लावते.

म्हणून "अशक्तपणा होता, म्हणून कॅन्सर झाला" असं पेशंटला म्हणू नका. धडधाकट, शिफ्टमागून शिफ्ट करणाऱ्या माणसालाही तो होतो. आणि "प्रतिकारशक्ती वाढवली की कॅन्सर पळेल" हेही तितकंच चूक. राखणदारांची संख्या कमी पडली, एवढ्याने हे झालेलं नसतं. त्यांना फसवलेलं असतं.

तंबाखू, मशेरी आणि सुपारी

पेशी बिघडायला सुरुवात होते ती मुख्यतः तंबाखूने. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा गालाच्या आत आणि हिरडीला दिसतो, म्हणजे जिथे पुडी किंवा विडा धरून ठेवतात तिथेच. तंबाखूतली विषारी द्रव्यं रोज त्याच जागी लागतात आणि त्या जागेवरची राखणही दुबळी करतात.

ही गोष्ट फक्त पुरुषांची नाही. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर शंभर प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे सतराजणी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या. आपल्यात विडी ओढणाऱ्या थोड्या, पण मशेरी लावणाऱ्या पुष्कळ. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. "दात साफ होतात", "पोट साफ होतं" म्हणून ती सकाळ-संध्याकाळ लावली जाते. तंबाखू भाजल्याने तिचं विष जात नाही. आणि नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं जाहीर केलेलं आहे. सुपारी आणि गुटख्याने तोंड आतून आखडतं आणि उघडेनासं होतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी नाइट शिफ्टला जाग राहावी म्हणून पुड्या कशा मिळवल्या जातात, ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

मानेतली न दुखणारी गाठ

तोंडातला कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा पहिल्यांदा मानेतल्या चौक्यांमध्ये जातो. सर्दी-घशाची गाठ दुखते आणि आठ-पंधरा दिवसांत उतरते. कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही, टणक असते आणि वाढत राहते. दुखत नाही म्हणूनच दुर्लक्ष होतं.

याबाबत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं काम जगभर मानलं जातं. तोंडाचा कॅन्सर लहान असेल आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की गाठ आल्यावर काढाव्यात, असा प्रश्न होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० पेशंटचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथी सुरुवातीलाच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर १०० मधले ८० जण हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी साधारण ६७-६८. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गालाबरोबर मानेचंही ऑपरेशन करू", तर घाबरून नकार देऊ नका. "चौकी काढली तर प्रतिकारशक्ती जाईल" ही भीती खरी नाही. अंगात अशा शेकडो ग्रंथी असतात. मात्र खांदा जड वाटणं, हात पूर्ण वर न जाणं असा त्रास होऊ शकतो. त्यासाठीचे व्यायाम दवाखान्यात शिकून घ्या.

उपचार सुरू झाले की राखण कमी होते

ऑपरेशननंतर किंवा ऑपरेशनऐवजी अनेकांना रेडिएशन असतं. आपल्याकडे त्याला 'लाइट देणं' किंवा 'शेक देणं' म्हणतात. ते साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतं. काहींना त्यासोबत केमो देतात. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणं हे केमोचं काम. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण हाडाच्या मगजातल्या आणि तोंडाच्या कातडीच्या पेशीही तशाच. त्यामुळे केमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. मग हळूहळू पुन्हा भरून येतात.

तोंडाच्या पेशंटला धोका जास्त का, ते बघा. रेडिएशनने तोंड सोलवटतं आणि लाळ आटते, म्हणजे भिंत पडते. त्याच वेळी केमोने आतले राखणदार कमी झालेले असतात. तोंडात तर एरवीही असंख्य जंतू असतात. त्यात गिळताना ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेलं, तर न्यूमोनिया होऊ शकतो. जिभेवर, गालात दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी असू शकते. ती औषधाने जाते, म्हणून लगेच दाखवा.

रेडिएशन सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवणं गरजेचं आहे. किडलेले दात आधीच काढावे लागतात. रेडिएशननंतर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही, म्हणून नंतर दात काढायचा तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

ताप म्हणजे तातडी

तायांनो, बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नका. केमो चालू असलेल्या माणसाला १००.४ डिग्री किंवा त्याहून जास्त ताप आला, तर त्याच वेळी दवाखान्यात फोन करायचा आणि निघायचं. रात्री दोन वाजता आला तर रात्री दोन वाजता.

राखणदार कमी असताना जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतो. वेळेवर सलाइनमधून अँटिबायोटिक मिळालं तर माणूस वाचतो. घरातली तापाची गोळी दिली की ताप उतरल्यासारखा दिसतो, पण जंतू आत वाढत राहतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको.

– घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. हात लावून ताप ठरवू नका. तोंड सोललेलं असेल तर काखेत लावा, मात्र तिथे आकडा थोडा कमी दिसतो हे ध्यानात ठेवा.
– ताप नसला तरी हुडहुडी भरली, श्वास लागला, लघवी कमी झाली किंवा माणूस गुंगल्यासारखा झाला, तरी थांबू नका.
– दवाखान्याचा नंबर आणि शेवटच्या केमोची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गेल्या गेल्या सांगा, "यांचा केमो चालू आहे, अमुक तारखेला दिला होता."
– गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

ताट वेगळं का नको?

कॅन्सर शिवण्याने, उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने लागत नाही. नातवंडांना आजोबांच्या मांडीवरून उचलून नेण्याचं काहीच कारण नाही. धोका असलाच तर उलटा आहे. आपल्याला पेशंटपासून काही होत नाही, पण आपली सर्दी, खोकला आणि अस्वच्छ हात पेशंटला महागात पडू शकतात.

तेव्हा ताट वेगळं करायचं नाही. जेवण वाढण्याआधी साबणाने हात धुवायचे. घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याने काही दिवस लांब राहायचं किंवा मास्क लावायचा. भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळायची. घरातल्यांनी फ्लूची लस घ्यावी का, आणि पेशंटला कुठली लस कधी चालेल, ते डॉक्टरांना विचारायचं. केमो चालू असताना काही लसी चालत नाहीत.

पावडर की अंडी?

प्रतिकारशक्ती वाढवून कॅन्सर बरा करणारी पावडर, काढा किंवा थेंब असं काहीही सिद्ध झालेलं नाही. काही झाडपाल्याची औषधं लिव्हरवर ताण देतात किंवा केमोच्या औषधांशी भांडतात. कोविडनंतर, २०२१ मध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. त्या वादात आपण पडायला नको. उपचार चालू असताना डॉक्टरांना न विचारता काहीच द्यायचं नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

नवीन पांढऱ्या पेशी तयार व्हायला आणि सोललेलं तोंड भरून यायला अंगाला प्रथिनं लागतात. ती आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. अडचण एवढीच की तोंड दुखत असतं आणि चव गेलेली असते. मग असं करा.

– मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, दूध घालून नाचणीचं सत्त्व, नीट शिजलेलं अंडं कुस्करून, पातळ डाळीत दाण्याचं बारीक कूट. वरून चमचाभर तूप.
– तीन वेळा पोटभर जमत नाही. दर दोन तासांनी वाटी-वाटी द्या.
– तिखट, आंबट, कडक आणि फार गरम नको.
– सगळं ताजं आणि पूर्ण शिजलेलं. कालचं उरलेलं, उघड्यावरचं, बर्फ घातलेला रस नको. पाणी उकळून गार केलेलं. फळ धुऊन, सोलून.
– एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या.
– दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. वजन घसरत असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतात. नळी म्हणजे शेवट आला असं नाही. नळीमुळे पोटात अन्न जातं आणि उपचार अर्धवट सुटत नाहीत.

पावडरीच्या डब्याला जे पैसे जातात, त्यात पेशंटची महिनाभराची अंडी आणि दूध बसतं का, हा हिशेब कर्ज मंजूर करण्याआधी गटाने मांडून बघावा.

राखणीला जागं करणारं औषध

"मग खरंच प्रतिकारशक्तीवर काम करणारं औषध नाहीच का?" आहे. पीडी-वनचं बटण जपानच्या तासुकू होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये शोधलं. असाच दुसरा एक ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतो, हे अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांनी दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. या विचारातून निघालेल्या उपचाराला इम्युनोथेरपी म्हणतात. सलाइनमधून औषध देतात आणि ते बटण झाकून टाकतं. मग कॅन्सरला ते दाबता येत नाही आणि टी पेशी पुन्हा कामाला लागते.

अडचण किमतीची. पूर्ण मात्रेत हे औषध आपल्यासारख्या घरांच्या आवाक्याबाहेरचं आहे. इथे पुन्हा टाटा मेमोरियलचे डॉक्टर पुढे आले. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तोंडा-गळ्याचा कॅन्सर पुढे गेलेल्या, पूर्ण बरं होण्याची आशा नसलेल्या १५१ पेशंटचा अभ्यास केला. निम्म्यांना तीन औषधांच्या गोळ्या दिल्या. निम्म्यांना त्याच गोळ्या आणि शिवाय दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब हे औषध, फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. २०२२ मध्ये निकाल आला. नुसत्या गोळ्यांवर वर्षानंतर १०० मधले साधारण १६ हयात होते. औषधाची छोटी मात्रा जोडल्यावर ४३.

हे वाचून खोटी आशा धरू नका. त्या गटातलेही निम्म्याहून जास्त पेशंट वर्षभरात गेले. हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही. ब्रेक सोडल्यावर राखण कधी आपल्याच फुप्फुसावर, आतड्यावर किंवा थायरॉइडवर उठते, म्हणून जुलाब, नवा खोकला, फार थकवा आला तर लगेच सांगावं लागतं. पण पैशाअभावी हा विषयच काढला जात नाही, असं होऊ नये. आजार पुढे गेलेला असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "कमी मात्रेची इम्युनोथेरपी यांना चालेल का? योजनेत बसेल का?" विचारण्यात लाज कसली?

पैशाची वाट

कर्ज काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात कॅन्सरचे अनेक उपचार येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्रा'ला भेटा. माहितीसाठी १५५३८८.

दुसरी, ईएसआय. नवरा, मुलगा किंवा तुम्ही स्वतः कंपनीत, अगदी ठेकेदाराकडे असलात तरी, पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर स्लिपवर ईएसआय कापलं जातंय का बघा. कापलं जात असेल तर मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयातून उपचाराची वाट सुरू होते. कामगाराला स्वतःला कॅन्सर झाला आणि नोकरीच्या मुदतीच्या अटी पूर्ण होत असतील, तर सुट्टीच्या काळात पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. "कामावर जात नाही, आता काही मिळणार नाही" असं समजून पुष्कळजण अर्जच करत नाहीत.

पुढच्या बैठकीत हे करू

१. प्रत्येकीने आरसा आणि मोबाइलची बॅटरी घेऊन तोंड बघायचं. गाल, हिरड्या, जिभेखाली. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटं उभी मावत नाहीत इतकं आखडलेलं तोंड, मानेत गाठ, आवाज बसलेला. यातलं काहीही दिसलं तर आशाताईंना सांगा. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. पुढे चाकणचं ग्रामीण रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम किंवा पुण्याचं ससून आहे. केरळात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी अशी तोंडं तपासली, तेव्हा तंबाखू आणि दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

२. मशेरी, तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर सल्ला मिळतो. एकटीने सोडणं अवघड जातं. गटातल्या तिघी-चौघींनी एकाच दिवशी सुरुवात करा. आजार झाल्यावरसुद्धा सोडण्याचा फायदा आहे. जखम लवकर भरते आणि उपचार जास्त लागू पडतात.

३. गटाच्या पेटीत एक डिजिटल थर्मामीटर ठेवा. ज्या घरी केमो चालू असेल तिथे तो राहील.

४. ज्या घरी पेशंट आहे, तिथल्या ताईचा हप्ता कसा सांभाळायचा, दवाखान्यात सोबत कोण जाईल, तिच्या मुलांचा डबा कोण करेल, हे ठरवून इतिवृत्तात लिहा.

आणि त्या घरी भेटायला गेलात, तर हात धुऊन पेशंटजवळ बसा. चहा दिला तर घ्या.

– क्षेत्र समन्वयक, चाकण विभाग